नव्वद फुटांची गोष्ट

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल पचायला जरा जडच जातो. चेंडूचा टप्पा नाही, बॅट गोल, आणि एवढा जोर लावून मारलेला फटका ठरलेल्या दोन रेषांच्या बाहेर गेला तर फुकट! नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं शिकागोजवळ काढली, तेव्हा ऑफिसातल्या लोकांमुळे हा खेळ थोडाफार कळायला लागला. पण गोडी लागली ती खेळापेक्षा त्याच्या जुन्या गोष्टींची. बेसबॉलवाल्यांची स्मरणशक्ती दांडगी. आपल्याकडे जसे १९७१ च्या ओव्हलबद्दल तासन्‌तास बोलणारे काका असतात, तसे तिकडे शंभर वर्षांपूर्वीच्या मॅचवर काल झाल्यासारखे भांडणारे आजोबा भेटतात.

२०१६ च्या नोव्हेंबरात शिकागो कब्जने वर्ल्ड सीरिज जिंकली. सातवी मॅच, ज्यादा डाव, मध्येच पाऊस, सगळा मसाला होता. त्याआधीचं त्यांचं विजेतेपद होतं १९०८ सालचं. म्हणजे मध्ये तब्बल १०८ वर्षं! त्या आठवड्यात जो तो १९०८ बद्दल बोलत होता आणि त्या बोलण्यात एक नाव परत परत यायचं, फ्रेड मर्कल. गंमत म्हणजे १९०८ मध्ये हा माणूस कब्जकडून खेळतच नव्हता. तो होता समोरच्या संघात, न्यूयॉर्क जायंट्समध्ये. मग कब्जच्या विजयाशी त्याचा संबंध काय? तीच आजची गोष्ट.

तारीख २३ सप्टेंबर १९०८. स्थळ न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. नॅशनल लीगच्या हंगामाचे शेवटचे दिवस. जायंट्स, कब्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स या तीन संघांत अशी रस्सीखेच चालली होती की एकेका मॅचने चित्र बदलत होतं. जायंट्सकडून पिचिंगला ख्रिस्टी मॅथ्यूसन. हा त्या काळातला देवमाणूस. त्या एका हंगामात त्याने ३७ मॅचेस जिंकून दिल्या. समोर कब्जचा जॅक फिस्टर. जायंट्सचा नेहमीचा फर्स्ट बेसमन फ्रेड टेनी पाठ धरल्यामुळे बसला होता, म्हणून त्याच्या जागी उतरला १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. लीगमधल्या सगळ्यात लहान खेळाडूंपैकी एक. हंगामभर बाकावर बसलेलं पोर. मॅचच्या सुरुवातीपासून खेळायची त्या वर्षातली त्याची ही पहिलीच संधी.

मॅच अगदी चुरशीची झाली. पाचव्या डावात कब्जच्या जो टिंकरने मारलेला चेंडू आउटफिल्डमध्ये डॉनलिनच्या हातून निसटून मागे गेला आणि टिंकर चारही बेस पळून आला. १-०. सहाव्या डावात त्याच डॉनलिनने फटका मारून बरोबरी साधली. १-१. मग दोन्ही पिचर्सनी कुणाला हलू दिलं नाही. नववा, म्हणजे शेवटचा डाव आला. जायंट्सची फलंदाजी, दोन जण बाद. बेसबॉलमध्ये तिसरा बाद झाला की डाव संपतो. फर्स्ट बेसवर मॅककॉर्मिक उभा. आणि बॅटिंगला आला आपला मर्कल.

पोराने डगमगू नये म्हणजे किती! चेंडू उजव्या बाजूला सणसणीत मारला. मॅककॉर्मिक थर्ड बेसवर पोचला, मर्कल फर्स्टवर. आता पुढचा बॅटर अल ब्रिडवेल. पहिल्याच चेंडूवर त्याने मधून फटका मारला. अंपायर बॉब एम्सलीला अंग चुकवण्यासाठी जमिनीवर पडावं लागलं, इतका सरळ. मॅककॉर्मिक आरामात होम प्लेटवर पोचला. २-१! जायंट्स जिंकले! हजारो लोक कठड्यांवरून मैदानात उतरले.

इथे थोडा नियम सांगायला हवा, कंटाळू नका. बेसबॉलच्या मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणं, प्रत्येक दोघांत ९० फूट. बॅटरने चेंडू मारला की त्याला फर्स्ट बेसवर यायचंच असतं, आणि एका बेसवर दोन माणसं उभी राहू शकत नाहीत. म्हणून फर्स्टवर आधीच जो असेल त्याला सेकंडकडे पळावंच लागतं. तो पोचायच्या आत क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात घेऊन सेकंड बेसला पाय लावला की तो बाद. आणि असा बाद होणारा जर तिसरा असेल, तर त्या फटक्यावर कुणी होमला पोचून काढलेली धाव धरत नाहीत. मग तो कितीही आधी पोचलेला असो.

मर्कल सेकंडच्या दिशेने पळत सुटला होता. मॅककॉर्मिक होमला पोचताना त्याने पाहिलं, लोकांचा लोंढा मैदानात येताना पाहिला आणि सेकंड बेसला पाय न लावताच तो वळून क्लबहाऊसकडे धावला. गर्दीत सापडायच्या आत आत जायचं, एवढाच विचार.

आता तुम्ही म्हणाल, नियम माहीत नव्हता का त्याला? मुद्दा असा की त्या काळी सगळेच असं करायचे. जिंकून देणारी धाव झाली की खेळ संपला, मागचे बेस कोण मोजतंय? नियम पुस्तकात होता, पण तो कुणी लावत नव्हतं. आपल्याकडेही जुन्या मॅचेस आठवा. विजयी फटका बसला की फलंदाज आणि क्षेत्ररक्षक दोघेही स्टंप उपटून पळत सुटायचे आणि मागून अख्खं मैदान. ती धाव दोघांनी नीट क्रीझ ओलांडून पूर्ण केली का, हे बघायला कोण थांबत होतं?

पण त्या दिवशी एक जण थांबला होता. कब्जचा सेकंड बेसमन जॉनी एव्हर्स. काडीपैलवान, तोंडाने तिखट, आणि रात्री उशाशी नियमांचं पुस्तक घेऊन झोपायचा असं ज्याच्याबद्दल सांगतात तो. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये हाच प्रकार घडला होता. मॅच ०-० अशी दहाव्या डावात, पायरेट्सनी विजयी फटका मारला आणि त्यांचा फर्स्टवरचा नवखा खेळाडू गिल सेकंडला न जाताच माघारी वळला. एव्हर्सने चेंडू मागवून बेसवर पाय ठेवला आणि दाद मागितली. अंपायर एकटाच होता, हँक ओ'डे. त्याने ती मान्य केली नाही. कब्जने लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांच्याकडे तक्रार केली, तीही फेटाळली गेली. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. गिलचं नाव आज कुणालाही माहीत नाही.

ओ'डेच्या डोक्यातून मात्र विषय गेला नसावा. आणि २३ तारखेला पोलो ग्राउंड्सवर दोन अंपायर्सपैकी एक होता हाच हँक ओ'डे!

पुढची पाच-दहा मिनिटं नेमकं काय झालं याबद्दल शंभर वर्षं वाद चालू आहे. एव्हर्स ओरडून आउटफिल्डमधून चेंडू मागत होता. जायंट्सचा जो मॅकगिनिटी बेसजवळ कोच म्हणून उभा होता, त्याच्या हे ध्यानात आलं आणि त्याने चेंडू पकडून गर्दीत भिरकावून दिला म्हणे. कब्जच्या लोकांनी तो प्रेक्षकाकडून हिसकावून आणला म्हणे. का तो दुसराच कुठला तरी चेंडू होता? कुणी शपथेवर सांगू शकत नाही. एवढं खरं की एव्हर्स हातात एक चेंडू घेऊन सेकंड बेसवर उभा राहिला आणि त्याने अंपायरकडे पाहिलं. एम्सली म्हणाला, मी खाली पडलो होतो, मी पाहिलं नाही. ओ'डे म्हणाला, मी पाहिलं. मर्कल बाद. धाव रद्द. स्कोअर १-१.

मैदानात इतके लोक होते आणि अंधारही पडत आलेला, त्यामुळे पुढे खेळणं शक्यच नव्हतं. मॅच बरोबरीत सुटली. लीगच्या बैठका झाल्या, वर्तमानपत्रांतून रणधुमाळी झाली, पुलियम यांनी ओ'डेचा निर्णय उचलून धरला. आणि नशीब बघा, हंगाम संपला तेव्हा कब्ज आणि जायंट्स दोघांचेही ९८ विजय आणि ५५ पराभव! ती बरोबरीतली मॅच ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवली गेली. कब्ज ४-२ ने जिंकले, पुढे वर्ल्ड सीरिजमध्ये डेट्रॉइटला हरवून जगज्जेते झाले. आणि नंतर १०८ वर्षं काही नाही.

मर्कलच्या कपाळी मात्र त्याच रात्री शिक्का बसला. 'बोनहेड'. म्हणजे मठ्ठ, डोक्यात बटाटे भरलेला. १९ व्या वर्षी मिळालेलं हे नाव त्याला मरेपर्यंत चिकटलं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा पूर्ण वाचली तेव्हा मला माझे धाकटे मामा आठवले. मामा तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नवीन कारकून म्हणून लागले होते. संध्याकाळी रोकड दोघांनी मिळून मोजायची आणि दोघांनी सही करायची असा नियम. प्रत्यक्षात एक जण मोजायचा आणि दुसरा सकाळी येऊन चहा पिता पिता सही ठोकायचा. वर्षानुवर्षं सगळे असंच करत, साहेबांनाही ठाऊक. एकदा रोकड कमी निघाली. नेमकी त्या दिवशी दुसरी सही मामांची होती. पैसे आठवड्याभरात सापडले, हिशेबाचाच घोळ होता. पण मेमो मिळाला तो फक्त मामांना, आणि नाव पडलं 'सहीबहाद्दर'. त्यानंतर त्यांनी तीसेक वर्षं चोख नोकरी केली. निवृत्तीच्या समारंभात भाषण करणाऱ्यांनी काय काढावं? तोच किस्सा. सगळे खो खो हसले, मामाही हसले. मामी तेवढ्या हसल्या नाहीत.

या दोन गोष्टींत मला एकच धागा दिसतो. नियम आणि वहिवाट यांच्यामध्ये एक फट असते, आणि सगळे रोज त्या फटीवरून निवांत ये-जा करत असतात. मग एक दिवस कुणीतरी नियमाचं पुस्तक उघडतं. त्या क्षणी जो फटीवर उभा असतो तो आत जातो. तो बहुतेक वेळा सगळ्यात नवीन, सगळ्यात लहान असतो, कारण वहिवाट त्याने घातलेली नसते, त्याने ती फक्त मोठ्यांकडे बघून उचललेली असते.

मग चूक कोणाची? मी यावर बराच विचार केलाय आणि मला कुणावर बोट ठेवता येत नाही. एव्हर्सने लबाडी केली असं न्यूयॉर्कवाले म्हणत राहिले, पण तो तर पुस्तकात लिहिलंय तेच मागत होता, आणि तीन आठवडे आधीपासून उघडपणे मागत होता. ओ'डेबद्दल तर मला आदरच वाटतो. यजमान संघ जिंकलाय, हजारो माणसं नाचतायत, अशा वेळी तुमचा विजय झालाच नाही असं सांगायला छाती लागते. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला २०१३ साली जागा मिळाली. फक्त एक प्रश्न मनात राहतो. नियम आजपासून काटेकोर लावणार, अशी दवंडी आधी पिटली असती तर? पिट्सबर्गच्या तक्रारीनंतर लीगने सगळ्या संघांना चार ओळींचं पत्र पाठवलं असतं, तर मर्कलने ती उरलेली पावलं टाकली नसती का?

आणि जायंट्स हरले ते काय एकट्या मर्कलमुळे? हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्कीने त्यांना पाच दिवसांत तीनदा हरवलं. त्यातली एक जरी मॅच जिंकले असते तरी ती पुन्हा खेळायची वेळच आली नसती. पुन्हा खेळले तेव्हाही जिंकायची संधी होतीच, पिचिंगला खुद्द मॅथ्यूसन होता. पण तीन-चार पराभवांची बेरीज लक्षात ठेवणं लोकांना जड जातं. एक चेहरा आणि एक नाव मिळालं की काम भागतं.

हे आपण भारतीयांनी तर सांगायलाच नको. १८ एप्रिल १९८६, शारजा, शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात, आणि चेतन शर्माला मियांदादने मारलेला षटकार. चेतन तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या कसोटीत त्याने दहा बळी घेतले. पुढच्या वर्षी आपल्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक घेतली, तिन्ही त्रिफळे! पण नाव काढलं की लोकांना आठवतो तो षटकारच.

मर्कलचंही तसंच. त्याचे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ हे भयंकर तापट गृहस्थ, पण त्यांनी या पोराला कधी दोष दिला नाही. उलट त्याचा पगार वाढवला आणि पुढे त्याला नेहमीचा फर्स्ट बेसमन केलं. १९११, १९१२, १९१३ अशी सलग तीन वर्षं जायंट्स वर्ल्ड सीरिजला गेले ते मर्कलला घेऊन. १९१२ च्या निर्णायक मॅचमध्ये दहाव्या डावात जायंट्सला आघाडी देणारी धाव त्याच्याच फटक्यावर आली. संघाने ती टिकवली असती तर 'बोनहेड' पुसून 'हिरो' लिहिलं गेलं असतं. पण खालच्या डावात एका सहकाऱ्याच्या हातून सोपा झेल सुटला आणि बॉस्टन जिंकलं. झेल सोडणाऱ्या त्या स्नॉडग्रासलाही जन्मभर तेच भोगावं लागलं! मर्कल पुढे ब्रुकलिनकडून खेळला, आणि नंतर चक्क कब्जकडूनही. एकूण पाच वर्ल्ड सीरिज खेळला, पाचही हरला. १९२६ मध्ये थांबला तोवर दीड हजारांवर हिट्स त्याच्या नावावर होत्या.

या प्रकरणात पोळलेला तो एकटाच नव्हता. अध्यक्ष पुलियम हे हळवे गृहस्थ. दोन्ही बाजूंच्या टीकेने आणि कामाच्या ताणाने ते खचत गेले. १९०९ च्या जुलैमध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ज्या ब्रिडवेलने तो 'विजयी' फटका मारला होता, त्याने म्हातारपणी सांगितलं की तो फटका बसलाच नसता, आपण बाद झालो असतो तर फार बरं झालं असतं, त्या पोराचे हाल तरी वाचले असते. जिंकून देणाऱ्या माणसाला आपण हरायला हवं होतं असं वाटावं, याहून वाईट विजय कुठला?

निवृत्तीनंतर मर्कल फ्लोरिडात राहायला गेला आणि बेसबॉलपासून लांबच राहिला. शेवटी १९५० साली जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी तो पोलो ग्राउंड्सवर परत आला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ४२ वर्षांनी! १९५६ मध्ये तो गेला.

मला त्या टाळ्यांचा आनंद होतो आणि थोडा रागही येतो. टाळ्या वाजवायला इतकी वर्षं का लागावीत? आपल्या आजूबाजूलाही असे मर्कल असतात. घरात, ऑफिसात, सोसायटीत. एखाद्याने कधीकाळी काहीतरी सांडलेलं असतं, आणि त्याचं नाव निघालं की आपण तेवढंच काढतो. थट्टेत काढतो, वाईट हेतू नसतो. पण ज्याच्यावर हसतात तो ते हसणं घरी घेऊन जातो.

असो. जाता जाता एक छोटीशी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते. त्या मॅचचा स्कोअरकार्ड आजही बघायला मिळतो. निकाल बरोबरी, १-१. ब्रिडवेलचा तो गाजलेला फटका हिट म्हणून धरलेला नाही, कारण पुढचा माणूस बाद झाला. पण त्याच्या आधीचा एक फटका मात्र हिट म्हणून व्यवस्थित नोंदलेला आहे. नववा डाव, दोन बाद, स्कोअर बरोबरीत, आणि दडपणाखाली १९ वर्षांच्या पोराने उजवीकडे मारलेला तो सणसणीत फटका. तो होता म्हणून तर पुढचं सगळं रामायण घडलं. मर्कलचं नाव निघालं की मी हल्ली तोच सांगतो.